वरून पाहिलेलं शहर

१९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सर्वाधिक गर्दी खेचली ती जनरल मोटर्सच्या ‘फ्यूचरामा’ या दालनानं. आत आलेल्या माणसाला सरकत्या खुर्चीत बसवलं जाई आणि खुर्ची पुढे निघाली की त्याच्या पायांखाली १९६० सालची अमेरिका उलगडत जाई. रुंद महामार्ग, काचेचे मनोरे, शेतं, धरणं आणि रस्त्यांवरून पळणाऱ्या चिमुकल्या मोटारी. नॉर्मन बेल गेडिस या रचनाकारानं हा सगळा देखावा मुद्दाम खोलगट जागी मांडला होता. उद्याचं शहर विमानाच्या खिडकीतून दिसावं तसं दिसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार.

विसाव्या शतकानं काढलेली भविष्याची बहुतेक चित्रं याच उंचीवरून काढलेली आहेत. लढाऊ वैमानिक आणि झळाळतं नगर ही दोन स्वप्नं बरोबरीनं वाढली आणि विज्ञानकथांनी व चित्रपटांनी त्यांची गाठ मारून टाकली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या अवकाशयुद्धांचा आराखडा जॉर्ज ल्युकसनं दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई चकमकींची दृश्यं जोडून केला होता. म्हणून तर त्यातली यानं निर्वात पोकळीतही विमानांसारखी कलतात आणि गिरक्या घेतात. प्रत्यक्षात मात्र या दोन स्वप्नांच्या वाटा फार लवकर वेगळ्या झाल्या. वैमानिक १९६१ सालीच अंतराळात पोहोचला. नगर अजून कागदावर आहे. पैसा आणि अग्निबाण कमी पडले हे खरं, पण तेवढंच कारण देऊन थांबलं तर मुख्य गोष्ट सुटते.

अंतराळात पाठवायचं कोणाला, हा प्रश्न १९५८ साली खरोखरच मोकळा होता. पाणबुड्यांवरचे नौसैनिक, खोल समुद्रात उतरणारे पाणबुडे, गिर्यारोहक, छत्रीधारी सैनिक अशी नावं चर्चेत होती. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी निवड लष्कराच्या चाचणी वैमानिकांपुरती मर्यादित करून टाकली. वय चाळिशीच्या आत, उंची जास्तीत जास्त पाच फूट अकरा इंच, अभियांत्रिकीची पदवी किंवा तितकंच शिक्षण, चाचणी वैमानिकांच्या शाळेचं प्रशिक्षण आणि दीड हजार तासांचं उड्डाण, या अटी ठरल्या. ५०८ जणांच्या नोंदी चाळल्या गेल्या, ११० जण अटींत बसले आणि ९ एप्रिल १९५९ रोजी त्यांतले सात जण पत्रकारांपुढे उभे राहिले.

या निवडीमागे शौर्याचं कौतुक होतं, पण खरी गरज वेगळीच होती. चाचणी वैमानिकाचं काम पाहिलं की ती कळते. नवं विमान हाती आलं की तो पहिल्याच दिवशी ते कमाल वेगानं पळवत नाही. आज अमुक उंचीवर अमुक वेग, उद्या त्याहून थोडा जास्त, परवा तोच वेग ठेवून थोडं तीव्र वळण. उड्डाणाआधी काय काय करायचं ते टेस्ट कार्डवर लिहिलेलं असतं आणि ते कार्ड मांडीला बांधलेल्या पॅडवर असतं. शरीर पाच-सहा पट जड झालेलं असताना, पोटऱ्या आणि पोट आवळून रक्त डोक्याकडे रोखून धरत, तो काट्यांवर नजर ठेवतो. खाली उतरल्यावर डीब्रीफ होतं. दांडी किती जड लागली, थरथर कोणत्या वेगाला सुरू झाली, आपण कुठे उशीर केला, सगळं सांगायचं. लपवलं तर पुढचा वैमानिक मरतो. या पेशाचा गाभा हाच आहे आणि या लेखाचा रोखही त्याकडेच आहे.

अटी वरकरणी निःपक्षपाती होत्या, परंतु लष्करी चाचणी वैमानिकांच्या शाळांची दारं तेव्हा स्त्रियांना बंद होती. १९६० आणि १९६१ मध्ये डॉ. रॅन्डॉल्फ लव्हलेस यांनी खासगीरीत्या घेतलेल्या वैद्यकीय चाचण्यांत तेरा अमेरिकन स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. त्या सगळ्या अनुभवी वैमानिक होत्या. १९६२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि तिथेच विषय मिटला. पुढच्याच वर्षी, १६ जून १९६३ रोजी, सोव्हिएत संघानं व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांना पाठवलं. त्या कापड गिरणीत काम केलेल्या होत्या, छत्रीउड्या मारत होत्या, लढाऊ वैमानिक त्या नव्हत्या. पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा घालून त्या सुखरूप परतल्या. नासानं सहा स्त्रियांची निवड केली ती थेट १९७८ साली.

सोव्हिएत संघाची वैमानिकाकडे पाहण्याची दृष्टीही निराळी होती. युरी गागारिन हवाई दलातले लढाऊ वैमानिक, पण १२ एप्रिल १९६१ च्या त्या १०८ मिनिटांत यान चालवलं ते स्वयंचलित यंत्रणेनं. वजनरहित अवस्थेत माणसाची बुद्धी ठिकाणावर राहील की नाही, अशी डॉक्टरांना धास्ती होती. म्हणून हातानं चालवायची यंत्रणा कुलूपबंद ठेवली होती आणि ती उघडणारा १२५ हा आकडा एका पाकिटात होता. पाकीट शोधून, उघडून, आकडा वाचण्याइतकं भान असेल तरच माणसाच्या हाती सूत्रं द्यायची! उड्डाणाआधी काही सहकाऱ्यांनी गागारिन यांना तो आकडा सांगून टाकला होता, हा या कथेतला सगळ्यात माणुसकीचा भाग.

मग वैमानिकाची खरी गरज होती का? होती, आणि ती पुराव्यानिशी दिसली. मे १९६३ मध्ये गॉर्डन कूपर यांच्या यानातली स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा परतीच्या तोंडावर बंद पडली. त्यांनी खिडकीवर आखलेल्या रेषा क्षितिजाशी जुळवल्या, मनगटी घड्याळावर वेळ मोजली आणि यान हातानं वळवून वाट पाहणाऱ्या जहाजाजवळच समुद्रात उतरवलं. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी-८ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी दुसऱ्या यानाशी जोडणी केली. अंतराळातली ती पहिलीच जोडणी. अर्ध्या तासानं जोडयान गरगरू लागलं. दोष जोडलेल्या यानाचा असेल असं समजून ते सुटे झाले, तर फिरणं वाढलंच. जवळजवळ दर सेकंदाला एक गिरकी. डोळ्यांपुढचे आकडे विस्कटू लागले होते. आर्मस्ट्राँग यांनी मुख्य यंत्रणा बंद करून, पृथ्वीवर परतताना वापरायचे छोटे थ्रस्टर सुरू केले आणि यान थांबवलं. दोष त्यांच्याच यानाच्या एका अडकलेल्या थ्रस्टरमध्ये होता. कोरियाच्या युद्धात ७८ मोहिमा केलेला आणि एक्स-१५ हे रॉकेट विमान सात वेळा उडवलेला माणूस तिथे नसता, तर ती दोघांची अखेर ठरली असती.

पण हीच सवय अंतराळात दगाही देते. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ चे जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. वैमानिकानं करावं तेच त्यांनी केलं. लक्ष्याकडे तोंड वळवलं आणि जोर लावला. लक्ष्य आणखी दूर गेलं. कक्षेत पुढे जोर लावला की यान उंच चढतं आणि उंच कक्षेत त्याची गती मंदावते. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावं लागतं, तिथे वेग वाढतो. बरंच इंधन जाळून प्रयत्न सोडावा लागला. हे गणित ज्यांनी आधीच पक्कं केलं होतं ते बझ ऑल्ड्रिनसुद्धा लढाऊ वैमानिकच. कोरियात त्यांनी दोन मिग-१५ पाडली होती. फरक एवढाच की १९६३ साली त्यांनी एमआयटीत याच विषयावर डॉक्टरेट मिळवली होती. हातातलं कसब आणि वहीतलं गणित एकाच माणसात एकत्र आलं तेव्हा काम पुढे सरकलं, ही नोंद महत्त्वाची आहे.

पुढे यंत्रं शहाणी होत गेली आणि यानात वैमानिक नसलेल्यांनाही जागा मिळू लागली. नोव्हेंबर १९८८ मध्ये सोव्हिएत ‘बुरान’ हे अंतराळविमान एकही माणूस आत नसताना बैकोनूरच्या धावपट्टीवर, जोरदार वाऱ्यात, अचूक उतरलं. त्याआधीच, डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो-१७ नं हॅरिसन श्मिट या भूशास्त्रज्ञाला चंद्रावर नेलं होतं. नासानं आधी त्यांना जेट विमान चालवायला शिकवलं, मग यानात बसवलं.

भारतीय माणसाची अंतराळयात्रा सुरू झाली तीही लढाऊ विमानातूनच. राकेश शर्मा यांनी १९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवलं होतं. ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोयुझ टी-११ मधून निघाले आणि जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहिले. परतल्यावर पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात ते मुख्य चाचणी वैमानिक होते. ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडणारी मिग विमानं तपासून पाहणं हे त्यांचं काम. अंतराळातून आलेला माणूस पुन्हा तिथेच, टेस्ट कार्ड घेऊन कॉकपिटमध्ये बसला, ही गोष्ट नाशिककरांनी अभिमानानं सांगावी अशी आहे.

गगनयानासाठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला हे चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. त्यांतले ग्रुप कॅप्टन शुक्ला २५ जून २०२५ रोजी ॲक्झिऑम-४ मोहिमेतून निघाले आणि १५ जुलैला परतले. सुखोई-३०, मिग-२१, मिग-२९, जग्वार अशा विमानांवरचा सुमारे दोन हजार तासांचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर त्यांचा वेळ गेला कशात? मेथी आणि मूग मोड आणण्यात, सूक्ष्म शैवालं वाढवण्यात, स्नायूंच्या पेशी तपासण्यात. मोहिमेचे पायलट ते होते. कमांडर होत्या पेगी व्हिटसन, जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासक, ज्यांनी अंतराळात साडेसहाशेहून जास्त दिवस काढले आहेत. १९५९ च्या अटी लावल्या असत्या तर त्यांचा अर्जही कोणी उघडला नसता.

आता नगराकडे वळू. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की या रशियन शाळामास्तरानं अंतराळातल्या हरितगृहांची कल्पना विमानं बाल्यावस्थेत असतानाच लिहून ठेवली. जे. डी. बर्नाल यांनी १९२९ साली सोळा किलोमीटर व्यासाच्या पोकळ गोलात वीस-तीस हजार माणसं वसवली. १९५२ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात वेर्नर फॉन ब्राउन यांचं ७६ मीटर व्यासाचं फिरतं चक्र, चेस्ली बोनस्टेल यांच्या देखण्या चित्रांसह, घराघरांत पोहोचलं. मात्र या सगळ्यांहून खोल विचार केला तो प्रिन्स्टनच्या जेरार्ड ओ’नील यांनी.

ओ’नील कणभौतिकीचे प्राध्यापक आणि हौशी वैमानिक. साठच्या दशकात त्यांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज केला, नासाच्या चाचण्या दिल्या, निवड झाली नाही. १९६९ साली त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवला: वाढत्या तांत्रिक संस्कृतीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा आहे का? गणितं मांडता मांडता उत्तर ‘नाही’ असं येऊ लागलं. १९७४ मध्ये ‘फिजिक्स टुडे’त त्यांचा लेख आला आणि १९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्रात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहभागानं, दहा आठवड्यांचं अभ्यासशिबिर भरलं. तिथे दहा हजार वस्तीच्या कड्याच्या आकाराच्या नगराचा आराखडा झाला. व्यास १.८ किलोमीटर, मिनिटाला एक फेरी. एवढ्या त्रिज्येला हा वेग दिला की आतल्या कडेवर चालणाऱ्याला नेमकं पृथ्वीइतकं वजन जाणवतं. किरणोत्सारापासून बचावासाठी चंद्रावरून आणलेल्या सुमारे एक कोटी टन खडीमातीचं कवच. ओ’नील यांच्या मोठ्या आवृत्तीत तर ३२ किलोमीटर लांबीची दोन नळकांडी होती.

डॉन डेव्हिस आणि रिक गिडिस यांनी त्या शिबिरासाठी काढलेली चित्रं आजही तितकीच मोहक वाटतात. वर वळत गेलेली जमीन, तळी, पूल, बागेतली मेजवानी. पण चित्रकाराची नजर पुन्हा त्याच उंचीवरची. सांडपाणी कुठे जातं, नळ गळला तर कोण येतं, कचरा कोण उचलतं, हे त्या उंचीवरून दिसतच नाही. शिबिराच्या अहवालात शेती आणि पाण्याची आकडेमोड मनापासून केलेली आहे. लोकांच्या मनात राहिलं ते मात्र चित्र. शिवाय सगळी भिस्त होती ती स्पेस शटलच्या स्वस्त आणि वारंवार फेऱ्यांवर. शटलनं तीस वर्षांत मिळून १३५ उड्डाणं केली. जेफ बेझोस यांनी २०१९ साली हीच फिरती नगरं पुन्हा पडद्यावर दाखवली, इलॉन मस्क मंगळावर दहा लाखांचं शहर वसवण्याची भाषा करतात. अग्निबाण खरोखर स्वस्त होत आहेत. नगरातल्या घराचं काय?

त्याचं उत्तर शोधायचं तर ॲरिझोनाच्या वाळवंटात जावं लागतं. ‘बायोस्फिअर-२’ या सुमारे सव्वातीन एकरांच्या काचबंद वास्तूत २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जण शिरले आणि दार बंद झालं. आत छोटं वर्षावन होतं, प्रवाळासह समुद्र होता, शेत होतं. पहिल्या वर्षभरातच हवेतला प्राणवायू घसरू लागला. २०.९ टक्क्यांवरून तो साडेचौदाच्या आसपास आला. हिमालयातल्या चार हजार मीटर उंचीवर लागावी तशी धाप जिना चढताना लागू लागली. बरं, प्राणवायू वापरला जातोय तर कार्बन डायऑक्साइड त्या प्रमाणात वाढायला हवा होता. तो वाढलेला दिसेना. शोध घेतल्यावर दोन गोष्टी सापडल्या. शेतात घातलेल्या अतिसुपीक मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उघड्या काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या. घराच्या भिंतीच रहिवाशांचा श्वास साठवत होत्या! जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू भरावा लागला. परागण करणारे बहुतेक कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं फोफावली. आठ जणांचे चार-चारांचे दोन गट पडले. तरीही दोन वर्षं पुरी करूनच ते बाहेर आले.

वर्तमानपत्रांनी तेव्हा या प्रयोगाची यथेच्छ टवाळी केली. तो अन्याय होता. काँक्रीटचा हा दोष एकाही चित्रात दिसला नसता, एकाही गणितात नव्हता. तो सापडला कारण कोणीतरी दार लावून आत बसलं आणि रोज आकडे टिपत राहिलं. चाचणी उड्डाणाचं काम याहून वेगळं काय असतं?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक हे दुसरं असं उड्डाण. २ नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसाचा वावर आहे. तिथे लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गाळून पुन्हा पिण्याचं पाणी केलं जातं. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचलं आणि त्यामागे गाळण्या, पंप, तुंबलेल्या नळ्या यांच्याशी घातलेली वर्षानुवर्षांची झटापट आहे. उरलेले दोन टक्के मंगळाच्या वाटेवर कोणी पोहोचवणार नाही. स्थानकावर राहणाऱ्यांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो, कारण एरवी नितंबाच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यानं घटते.

यावरचा उपाय म्हणून प्रत्येक चित्रकारानं नगर फिरतं दाखवलं. प्रत्यक्षात माणसांसकट यान फिरवून गुरुत्व निर्माण करण्याचा प्रयोग झाला तो सप्टेंबर १९६६ मध्ये, जेमिनी-११ वर. पीट कॉनरॅड आणि रिचर्ड गॉर्डन या नौदलाच्या दोघा चाचणी वैमानिकांनी आपलं यान तीस मीटरच्या पट्ट्यानं दुसऱ्या यानाला बांधलं आणि जोडी सावकाश फिरवली. वजन जाणवण्याइतकं गुरुत्व काही निर्माण झालं नाही, पण सोडलेली वस्तू हळूहळू एका बाजूला सरकली. पुढे स्थानकासाठी जपाननं बनवायला घेतलेलं, सजीवांवर कृत्रिम गुरुत्वाचे प्रयोग करण्याचं मोठं चक्र २००५ साली रद्द झालं. चंद्राचं एक-षष्ठांश गुरुत्व माणसाच्या हाडांना पुरतं का, मंगळाच्या गुरुत्वात मूल नीट वाढेल का, या प्रश्नांना आज उत्तर नाही. दहा लाखांच्या शहराच्या घोषणेआधी हे उत्तर हवं.

चंद्रावरच्या वस्तीसाठी लागणाऱ्या माहितीत भारताची भर मोलाची आहे. चंद्रयान-१ मुळे २००९ साली तिथल्या पाण्याच्या खुणा कळल्या. चंद्रयान-३ च्या उष्णतामापकानं ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवलं की पृष्ठभागावर सुमारे पन्नास अंश तापमान असताना अवघ्या आठ सेंटिमीटर खाली ते उणे दहाच्या आसपास असतं. घर बांधणाऱ्यासाठी हा आकडा सोन्यासारखा आहे. चांद्रमाती पांघरूण म्हणून किती उत्तम काम करेल, ते त्यातून कळतं. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं इस्रोबरोबर २०२० मध्ये चांद्रमातीसारखी माती, युरिया, गवारीचा डिंक आणि एक जिवाणू यांच्यापासून विटा केल्या. युरिया माणसाच्या मूत्रातून मिळू शकतो, म्हणजे भिंतीचा कच्चा माल रहिवाशांबरोबरच जाईल. वरून पाहणाऱ्याला असली वीट कधी सुचणार नाही.

२०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभं करण्याचं आणि २०४० पर्यंत भारतीयाला चंद्रावर उतरवण्याचं उद्दिष्ट सरकारनं जाहीर केलं आहे. गगनयानाच्या पहिल्या उड्डाणांसाठी चाचणी वैमानिकच हवेत, कारण यान नवं आहे आणि जेमिनी-८ सारखा प्रसंग कधीही येऊ शकतो. स्थानकाची गोष्ट निराळी. तिथे सहा-सहा महिने राहायचं आहे, पाणी फिरवायचं आहे, रोपं जगवायची आहेत, आजारी सहकाऱ्यावर उपचार करायचे आहेत. मेथी-मुगाचा प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठात आणि आयआयटीत आखला गेला, तो पार पाडला वैमानिकानं. पुढच्या तुकडीत ती मेथी ज्यांनी आयुष्यभर अभ्यासली आहे त्यांच्यापैकी कोणी, जलशुद्धीकरणाचा एखादा अभियंता, एखादी शल्यचिकित्सक का नसावी? नासा आपल्या शास्त्रज्ञ अंतराळवीरांनाही टी-३८ जेट विमानात मागच्या आसनावर बसवते, खऱ्या आकाशात चुकीची किंमत काय असते ते अंगात भिनावं म्हणून. बंगळूरूला हवाई दलाची चाचणी वैमानिकांची शाळा आहे, एरोस्पेस वैद्यकाची संस्था आहे. टेस्ट कार्ड कसं लिहायचं आणि डीब्रीफमध्ये स्वतःची चूक कशी सांगायची, हे तिथे वनस्पतिशास्त्रज्ञालाही शिकवता येईल. २०३५ ला फार वर्षं राहिलेली नाहीत आणि अशी तुकडी तयार व्हायला चार-पाच वर्षं तरी लागतात, तेव्हा निवडीचे नवे निकष आताच लिहायला घ्यायला हवेत.